भगवा झेंडा काळा येतो, तरीही

मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचा विषय निघाला की लोकांना वाटतं, मी आता संथपणाच्या आनंदावर बोलणार. मला संथपणाचं काडीचं कौतुक नाही. ते धूड आणि तिवई सिन्नरच्या गोंदेश्वरापर्यंत वाहून नेलं की खांदे भरून येतात. तरी नेतो, कारण त्याची लेन्स वर सरकते.

नेहमीच्या कॅमेऱ्यात शिखर मावत नाही म्हणून तो वर उचलावा, तर देऊळ मागे रेलतं. इथे मागची काच ओळंब्यात उभी ठेवायची आणि पुढची लेन्स तेवढी दोन बोटं वर घ्यायची. डोक्यावर काळं कापड घेतलं की दुधी काचेवर देऊळ उलटं दिसतं, डावं-उजवंही बदललेलं. लेन्स वर जाते तसा कळस काचेच्या खालच्या अंगाने आत येतो, आणि भिंती सरळच्या सरळ राहतात. संगणकावर हे नंतरही करता येतं, माझा भाचा करतो. पण त्यात वरचा भाग ताणला जातो आणि नेमकं शिखरावरचं कोरीवकाम भुरकट होतं.

माझा कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. सागवानी ‘वागीश्वरी’, एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला. केरळात अलप्पुळाला के. करुणाकरन हे कॅमेरे बनवत. मूळचं काम वाद्यदुरुस्तीचं. एका स्टुडिओवाल्याने कॅमेऱ्याचा भाता (लेन्स आणि मागची काच यांना जोडणारी घड्याघड्यांची नळी) दुरुस्तीला दिला आणि तिथून हा धंदा उभा राहिला. स्टुडिओवाल्यांना एवढी मोठी निगेटिव्ह सोयीची पडे. रिटचिंगची, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग झाकायची, पेन्सिल थेट तिच्यावर चाले, आणि एन्लार्जरशिवाय, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राशिवाय, कागदावर निगेटिव्ह ठेवून त्याच मापाचा फोटो निघे.

या मापाची फिल्म आता कुठे शोधत बसणार? मी एक्स-रेची वापरतो. आठ बाय दहाच्या एका शीटमधून बरोबर दोन तुकडे निघतात. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल दिव्यात बसून कापता येते आणि ट्रेमध्ये चित्र उमटताना बघताही येतं. त्याची किंमतही मोजावी लागते: भगवा झेंडा जवळजवळ काळा येतो, कपाळावरचं कुंकू काळं येतं, निळं आभाळ पांढरंफटक. फिल्मच्या दोन्ही बाजूंना चित्र टिपणारा मसाला असल्याने नख लागलं तरी ओरखडा. पण काळ्या पाषाणाला ती मानवते. लेन्सला शटर नाही; ऊन चढायच्या आत, लेन्सचं छिद्र बारीक करून, टोपी काढायची, ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजायचं आणि टोपी लावायची.

कुणाला असा कॅमेरा घ्यायचाच असेल, तर दिवाणखान्यासाठी पॉलिश मारलेला घेऊ नका. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. एखाद-दुसरं भोक काळं कापड चिकटवून बुजतं. चाळण झाली असेल तर नवा भाता शिवून घ्यावा लागेल, तो खर्च धरूनच भाव करा.