दुष्फेन पाणी, बुळबुळीत फेस : सहा महिन्यांची वही

जानेवारी, दुसरा आठवडा

मंडळी, दाढीचा फेस असा की वाटीतून उतू जाईल. ब्रश उलटा धरला तरी टोक ताठ उभं. बायकोने पाहून विचारलं, "केकवर लावायचाय का?" आणि एवढं सगळं गालावर थापून पातं हनुवटीखाली नेलं, की करकर. दुसऱ्या हाताला, म्हणजे पातं दुसऱ्यांदा फिरवताना, तर ते जागेवरच अडलं. मानेवर तीन ठिकाणी लाल पुरळ, वर तुरटी फिरवल्यावर डोळ्यांत पाणी.

म्हणून यंदा एकच काम हाती घेतलं आहे. फेस दिसायला कसा का असेना, बुळबुळीत हवा. नव्या ब्रशांची आणि साबणांची खरेदी तोवर बंद (हे लिहून ठेवतोय, म्हणजे मोडलं तर तुम्ही हसाल).

सामान तेच ठेवणार: रेझर मर्कुर ३४सी, पातं सेव्हन ओ'क्लॉक, तीन दाढ्यांनंतर नवं. ब्रश सिंथेटिक, २४ मिलिमीटर नॉटचा (नॉट म्हणजे केसांचा जुडगा). साबणाची कडक वडी, घटकांत स्टिअरिक आम्ल सर्वांत वर, टॅलो नाही. आमची आई माळकरी आहे. टॅलो म्हणजे जनावराची चरबी हे तिला एकदा कळलं तर साबणाबरोबर मीही घराबाहेर जाईन. त्यामुळे टॅलोच्या साबणांचं कौतुक मी फक्त तुमच्याकडून ऐकतो.

जानेवारी, शेवट

पहिला संशय अर्थातच पाण्यावर. आमची सोसायटी पुण्याच्या कडेला आहे. महापालिकेचं पाणी थोडा वेळ येतं, बाकी सगळं बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, नळांच्या तोट्या पांढऱ्या पडतात, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदलावी लागते.

शाळेत आपण अशा पाण्याला दुष्फेन म्हणायला शिकलो होतो, आणि चांगल्याला सुफेन. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. आता तो शब्द पुन्हा वाचला तर जाणवलं की ज्याने कुणी घडवला त्याने पाण्याची व्याख्या थेट फेसावरूनच केली आहे. दाढीवाल्यांसाठी याहून नेमका शब्द नाही.

टीडीएस मीटर घरात होता, पण तो विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो. मिठाचं पाणीही त्याला जास्तच दिसतं. आपल्याला हवेत फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मग मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानातून जीएचचं, म्हणजे पाण्याची कठीणता मोजायचं, टेस्ट किट आणलं. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा आणि रंग बदलेपर्यंत मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात.

बोअर: १८ थेंब, म्हणजे सुमारे ३२०. महापालिका: ३ थेंब. आरओ: पहिल्याच थेंबाला रंग बदलला. महापालिकेचं, खडकवासला धरणसाखळीतलं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस, त्यात विरघळायला वेळच कुठे मिळतो. बोअरचं पाणी मात्र काळ्या खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपत आलेलं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची कठीणता २०० पर्यंत चालते, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे आमचं पाणी प्यायला बेकायदा नाही, दाढीला आहे.

फेब्रुवारी, पहिला आठवडा

आठ दिवस फक्त आरओच्या पाण्यात फेस. ब्रश त्यातच भिजवला, वाटीतही तेच.

फेस दीडपट झाला. करकर तेवढीच राहिली.

हे मला अपेक्षित नव्हतं. दोन दिवस वहीला हात लावला नाही.

फेब्रुवारी, तिसरा आठवडा

मग शांत बसून गणित केलं. दुष्फेन पाण्यातला कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू पकडतो आणि त्यांचा न विरघळणारा चोथा होतो. बादलीच्या कडेला राखाडी कड बसते ती हीच. आमच्या पाण्यात लिटरमागे ३.२ मिलिमोल. एका दाढीच्या फेसात पाणी जातं साधारण दहा मिलिलिटर. म्हणजे ०.०३२ मिलिमोल कॅल्शियम, ते खाणार ०.०६४ मिलिमोल साबण. पोटॅशियम स्टिअरेट धरलं तर जेमतेम २० मिलिग्रॅम.

वीस मिलिग्रॅम! एक ग्रॅम साबण घेतला असेल तर दोन टक्के. एवढ्यासाठी मी इतके दिवस बोअरला शिव्या घालत होतो. (चोथा फेस मोडायलाही मदत करतो, त्यामुळे नुकसान वजनापेक्षा जास्त होतं, हे मान्य. तरीही.)

पण मी खरंच एक ग्रॅम घेत होतो का? वडी पंख्याखाली दोन दिवस वाळवली आणि सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलली. सात दाढ्या केल्या, पुन्हा वाळवली, पुन्हा तोलली. कमी झाली २.९ ग्रॅम. दाढीमागे ०.४! त्या एवढ्याशा साबणात मी हवा फेटून फेटून डोंगर उभा करत होतो. वर हिशेब असा की साबण अर्ध्याहून कमी घेतला की पाण्याने खाल्लेले तेच वीस मिलिग्रॅम पाच टक्के होतात. पाणी चोर होतं, पण दार मीच उघडं ठेवलं होतं.

मार्च, पहिला आठवडा

लग्नाला जायचं होतं म्हणून सलूनमध्ये दाढी केली. पहिल्यांदाच चेहऱ्याऐवजी आरशातून काकांच्या हाताकडे बघत बसलो. वापरतात साधी ट्यूबमधली क्रीम. पण ब्रश फिरवायला घेतला की टीव्हीवरची अख्खी जाहिरात संपते तरी हात थांबत नाही. आणि दर थोड्या वेळाने ब्रशचं फक्त टोक मगमधल्या पाण्याला लावतात, बुडवत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "साहेब, ब्रश कोरडा पडला की वस्तरा अडतो. पाणी दाढीनं मागायला पाहिजे, आपण ओतायचं नाही."

फेस अजिबात उंच नव्हता. चकाकत होता, ओल्या रंगासारखा. वस्तरा गेला तो आवाज न करता.

मार्च, दुसरा ते चौथा आठवडा : सिरिंजचा प्रयोग

हे सविस्तर लिहितो, कारण सहा महिन्यांत कामाचं जे काही सापडलं ते इथेच.

साबण किसणीवर किसून बरोबर एक ग्रॅम घेतला. ब्रश भिजवून पिळला, झटकला आणि वाटीसकट काट्यावर ठेवून शून्य केलं. औषधाच्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने आरओचं पाणी एकेक मिलिलिटर घालत गेलो. दर मिलिलिटरला वीस फेरे, ब्रश किंचित दाबून, सावकाश. अंड्यासारखं फेटायचं नाही.

मापाला नावं ठेवली ती स्वयंपाकघरातली, कारण दुसरी जमेनात. पाच मिलिलिटरला चक्का: ब्रशला चिकटतो, बोटांत चोळला तर बोटं एकमेकांना धरतात. सातला श्रीखंड. माझे जानेवारीतले फोटो इथले होते, फक्त हवा भरून फुगवलेले. दिसायला सर्वांत देखणं, आणि बहुतेक जण इथेच थांबत असणार. नऊला घुसळलेलं दही, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात. अकराला एकदम बदल: पृष्ठभाग चकाकायला लागला, टोक उभं राहीना, ब्रशवरून थेंब सुटायला दोन-तीन सेकंद लागले. बोटांत घेतला तर तेलकट नव्हे, पण शेवाळलेल्या पायरीवर पाय पडावा तसा. तेरापासून ताक. गालावरून गळ्यात ओघळतं आणि बनियन भिजतो.

अकरावर केलेली दाढी मी अजून विसरलो नाही. हनुवटीखाली पातं गेलं आणि मला कळलंच नाही. तुरटी फिरवली, वरच्या ओठाला किंचित चुणचुण, बाकी काही नाही.

माझ्या डोक्यातली उलटी समजूत इथे मोडली. मला वाटायचं फेस घट्ट म्हणजे गादी जाड, म्हणजे पातं सुरक्षित. पण पातं बुडबुड्यांवरून घसरत नाही. घसरतं ते त्वचेलगतच्या साबणपाण्याच्या थरावरून. बुडबुड्यांचं काम तो थर जागेवर धरून ठेवण्याचं. फेस कोरडा असेल तर थर पातळ आणि चिकट, मग वर डोंगर असो नाहीतर टेकडी. शिवाय ओला फेस केसांना पाणी पाजत राहतो, आणि भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो.

तोच प्रयोग बोअरच्या पाण्यात केला. एक ग्रॅमला दहाच्या पुढे फेस बसायला लागला आणि चकाकी आलीच नाही. साबण १.२ ग्रॅम केला, तेव्हा बरंचसं जमलं. म्हणजे बोअरवाल्यांनीही निराश व्हायचं कारण नाही, वडी लवकर संपेल एवढंच.

एप्रिल

रोज सिरिंज घेऊन बसणं शक्य नाही, ऑफिस आहे. आता काटा आणि सिरिंज सोडून हाताने: ब्रश पिळून घ्यायचा, वडीवर चाळीस सेकंद फिरवायचा, फेस दिसत असला तरी थांबायचं नाही, लगदा झाला पाहिजे. मग थेट चेहऱ्यावर. टोक पाण्याला लावायचं, वीस फेरे, पुन्हा टोक. साधारण सात-आठ वेळा. चकाकी दिसली की आणखी एकदा. वडी पुन्हा तोलली: दाढीमागे १.१ ग्रॅम. हाताला माप बसलं.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. फेस आरओच्या पाण्यात करत होतो आणि तोंड आधी बोअरच्या पाण्याने धुवत होतो, तेही साबण लावून! दहा मिलिलिटर जपायचं आणि दोन लिटर तोंडावर मारायचं. मग त्वचेवर चोथ्याचा तो किरकिरा थर बसणारच. लोक त्याला "स्वच्छ झालं, किर्र वाजतंय" म्हणतात. आता एक तांब्या आरओचं पाणी कोमट करून ठेवतो. तोंड भिजवणं, दोन हातांच्या मधलं धुणं, सगळं त्यातच. दुसऱ्या हाताला गाल नुसता ओला केला तरी बुळबुळीतपणा शिल्लक असतो, तो जानेवारीत कधीच नव्हता.

ब्रशही तपासला. मुळाशी पांढरट राप होता. वाटीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून दहा मिनिटं बुडवला. ब्रश हलका झाला, आणि आता फेस स्वतःकडे ठेवून न घेता सोडतो.

मे : फसलेले प्रयोग

ग्लिसरीन: मेडिकलमधून आणलं. लगद्यात तीन थेंब टाकले तर निसरडेपणा नक्की वाढतो, फेस वाळतही नाही. दहा थेंबांना फेसच मेला. तीनवर थांबा.

मुलतानी माती: परदेशी साबणांत बेंटोनाइट नावाची माती असते, मग आपली मुलतानी का नको, असं वाटलं. चिमूटभर वस्त्रगाळ करून टाकली. दोन मिनिटांत चेहऱ्यावर भिंत. रेझर तुंबला, पातं धुता धुता बोट कापलं. आईने विचारलं, "लेप लावलायस की दाढी करतोयस?"

खोबरेल: बाबांचा सल्ला, आधी तेल चोळ. तेलाने फेस बसतो. बाबांना सांगितलं नाही, रोज लावतो म्हणालो.

खोबऱ्यावरून आठवलं. खोबरेलाचं प्रमाण जास्त असलेले साबण दुष्फेन पाण्यातही झटकन फेस देतात, खाऱ्या पाण्यातसुद्धा. म्हणून ते आमच्याकडे "भारी फेसाचे" म्हणून खपतात. पण तो फेस मोठ्या बुडबुड्यांचा, भराभर येणारा आणि भराभर वाळणारा. स्टिअरिकवाला साबण उशिरा फुलतो पण पाणी धरून ठेवतो. घटकांच्या यादीत कोण आधी येतं ते बघून घेत जा.

इटलीहून मित्राने प्रोरासोचा हिरवा डबा आणला, निलगिरी आणि मेन्थॉलवाला. खरेदीबंदी मोडलेली नाही, भेट आहे. मऊ साबण असल्याने दहा-पंधरा सेकंदांत पुरेसा लगदा मिळतो आणि पाणीही लवकर पुरतं, सात-आठऐवजी पाच वेळा टोक. मे महिन्यात मेन्थॉल म्हणजे चैन आहे.

जून, शेवट

पाऊस सुरू झाला, टँकर बंद झाले, सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं पाणी जास्त येऊ लागलं. थेंब मोजले: ७. तांब्या बाजूला ठेवला आणि आज सरळ नळाच्या पाण्यात दाढी केली. चकाकी आली, आठव्या टोकाला. तुरटी डाव्या जबड्याखाली जरा बोलली. तिथे केस आडवे वाढतात, पहिल्या हाताची दिशा बदलून बघायला हवी.

जुना बोअर ब्रश, म्हणजे डुकराच्या केसांचा (पाण्याच्या बोअरशी संबंध नाही), कपाटात तीन वर्षं पडून आहे. आईला तो घोड्याच्या केसांचा म्हणून सांगितला आहे. केस पाणी पितात, त्यामुळे माप पुन्हा पहिल्यापासून. काल रात्री वाटीत भिजत घातला. सकाळी आईने "वाल कुठे भिजवलेस?" म्हणून ती वाटी उचलली, बाकीचं पुढच्या नोंदीत.