टाका आवळला की

फुगलेलं दिसलं की ठोकायचं, ही आपली उपजत बुद्धी. इंदूरच्या जुन्या वस्तीत अख्खी लोहारपट्टी आहे, तेव्हा इथल्या माणसाला तर ते रक्तातूनच आलेलं असावं. वेल्डिंग झालेल्या पत्र्यापुढे मात्र ही बुद्धी सपशेल हरते.

जुनी मारुती ८०० सांभाळणाऱ्यांना गंजाची ठिकाणं तोंडपाठ असतात: चाकाची कमान आणि दाराची खालची कड. कुजलेला भाग कापायचा, नवा तुकडा वेल्डिंगचे टाके मारून बसवायचा, इथवर सगळं सोपं. थंड झाल्यावर बघावं तर सांध्याशेजारचा पत्रा पोट काढून उभा. अंगठ्यानं दाबला की टण्‌कन आत, सोडला की टण्‌कन बाहेर.

"भिया, पत्रा फुगला नाहीये, टाका आवळलाय," रामबागेतले आमचे डेंटरकाका म्हणतात. शिवणीचा दोरा जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात, तोच प्रकार. जेमतेम पाऊण मिलिमीटरचा पत्रा आणि पोलाद वितळायला हवेत १५०० अंशांच्या आसपास. सांध्याची १० सेंटिमीटरची पट्टी १००० अंशांनी तापली तर मिलिमीटरहून जास्त लांब व्हायला बघते. पण चहूबाजूंचा थंड पत्रा तिला हलू देत नाही. मग ती जागच्या जागी दबून जाड होते आणि निवताना आकसते ती मूळ मापाहूनही आखूड. ती शेजाऱ्यांना ओढते, शेजारी फुगतात आणि आपण हातोडा घेऊन शेजाऱ्यांच्याच मागे लागतो! ठोकल्यानं पत्रा आणखी पसरतो, म्हणजे पोट वाढतं.

काका पोटाला हातही लावत नाहीत. टाक्याचा उंचवटा ग्राइंडरनं उतरवतात, तोही थांबत थांबत, कारण ग्राइंडरनं पत्रा पुन्हा तापतो. मग मागून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, घट्ट धरायची आणि समोरून नेमक्या टाक्यावर हलक्या हातानं टक्‌टक्‌. डॉली आणि हातोडा यांच्यामध्ये चेपलेला टाका केसभर पसरतो, ताण सुटतो आणि शेजारचं पोट आपसूक बसतं. मधूनमधून हातरुमाल पसरून त्यावरून तळवा फिरवायचा. उघड्या हाताला घाम धरतो, रुमाल मात्र सरकतो आणि उंचसखल लगेच कळतं. गॅस वेल्डिंगचा टाका मऊ, मार खातो. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सोडत विजेनं मारलेला, कडक, तो कुरकुरतो, कधी चिरतोही.

एवढं करूनही पत्रा सैल राहिलाच, तर बटणाएवढा ठिपका लाल करायचा, दोनचार टोले आणि वर ओलं फडकं. ज्या आकसण्यानं बिघडवलं होतं, तेच इथे औषध. मला या सगळ्या कारभारातलं हे सर्वांत आवडतं.

आणि पुट्टी, ती खड्डे बुजवायची लुकण? तिच्याशी माझं वैर नाही. पातळ हात ठीक. पण टणटणणाऱ्या पत्र्यावर बोटभर थर चढवला तर दोन पावसाळ्यांत चीर जाणार.

खरं तर पथ्य आधीच पाळायचं असतं. एक टाका इथे, दुसरा पार तिकडे, आणि हात लावता येईल इतकं निवल्याशिवाय पुढचा नाही. याला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक स्टुलावर बसून घड्याळ बघत असतं. संध्याकाळपर्यंत गाडी हवीच म्हणणाऱ्याला काका पुट्टी मारून देतात. तसं तोंडावर सांगतात, आणि पैसेही कमी घेतात.