परातीतल्या गोट्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले आणि ते मी एकाच दिवशी तीन वेळा वाचले. शाळेविषयी लिहायचे तर प्रार्थनेपासून स्नेहसंमेलनापर्यंत पुष्कळ काही आठवायला हवे होते. प्रत्यक्षात मात्र डोळ्यांसमोर आली ती कार्यानुभवाच्या खोलीतली पितळी परात आणि तिच्यावर वाकलेले आपले सर. त्यामुळे हे लेखन त्यांच्याविषयीच आहे, याबद्दल बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी.

1981 साली मी पाचवीत आलो, तेव्हा दप्तरात गोट्या सापडणे हा मोठा अपराध समजला जात असे. जप्त झालेल्या गोट्या कार्यालयातल्या काचेच्या बरणीत जमा होत आणि वर्षाच्या शेवटी ती बरणी तोंडापर्यंत भरलेली असे. सरांनी ती बरणी मुख्याध्यापकांकडून मागून घेतली आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास गोट्यांचे केले. त्यांची अट एकच होती. जिंकलेली गोटी खेळ संपल्यावर परत बरणीत जाईल, हिशेब फक्त खडूने फळ्यावर राहील. माझा नेम फार कच्चा होता. पटांगणातल्या निंबाखाली टाचेने केलेल्या गलीजवळ, म्हणजे गोट्यांच्या खळग्याजवळ, मी रोज खिसा रिकामा करून घरी जात असे. शनिवारी तसे होत नसे, आणि हे माझ्यासारख्या मुलाला किती मोठे वाटे, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

त्या तासांतले खेळ साधेच होते. बुटांच्या खोक्याच्या कडेला पाच कमानी कापायच्या, सर्वांत रुंद कमानीला 1 आणि सर्वांत अरुंद कमानीला 10 गुण द्यायचे, आणि सहा हातांवरून गोटी सोडायची. बेरीज ज्याची त्याने तोंडी करायची. ज्यांना चित्र काढायची भीती वाटे, त्यांच्यासाठी खोक्याच्या झाकणात कोरा कागद ठेवून नीळ, गेरू आणि हळद यांत बुडवलेल्या गोट्या सर त्यावर सोडत, आणि झाकण इकडेतिकडे कलंडवले की कागदावर रेषांचे असे जाळे उमटे, की ते आपल्या हातून झाले यावर विश्वास बसत नसे. चांदीच्या कागदाची लांबट पुंगळी करून, तिच्यात एक गोटी घालून दोन्ही टोके दाबून गोल केली, की ती उतारावर कोलांट्या मारत खाली जाई. आत गोटी आहे हे न सांगता सर ती पाचवीच्या मुलांना दाखवत आणि ती आपोआप कशी उलटते, हे त्यांच्याकडूनच काढून घेत. तास संपला की बरणीतल्या गोट्या मोजल्या जात. एखादी कमी भरली तर शोध घेतल्याशिवाय कोणी घरी जात नसे, कारण घरी रांगणारी भावंडे असतात आणि ती हाती येईल ते तोंडात घालतात, हे सरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावले होते.

आपला रावेर तालुका केळीचा. घड उतरवल्यावर खोडे बांधावर पडून राहतात आणि त्यांची सोपटे, म्हणजे खोडाचे एकावर एक असलेले थर, हवी तितकी मिळतात. सोपट मुळातच पन्हळीसारखे असते, शिवाय ताजे असेपर्यंत आतून गुळगुळीत. सरांनी अशी वीस-पंचवीस सोपटे आमच्याकडून आणवून, केळीच्याच दोराने एकाला एक जोडून, व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून पाण्याच्या टाकीपर्यंत गोट्यांचा मार्ग बांधला. पहिल्या वळणावर प्रत्येक गोटी बाहेर उडे. सर काही बोलले नाहीत. दोन मुलांनी उतार कमी केला, तर गोटी मध्येच थांबू लागली. शेवटी सोपटाची बाहेरची कड एकाने हाताने उचलून धरली आणि गोटी वळण घेऊन पुढे निघून गेली. तेव्हा सर आम्हाला भुसावळ–खांडवा मार्गावर लांबूनच रूळ दाखवायला घेऊन गेले. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच असतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

परातीचा प्रसंग सातवीतला आहे. शिपाईमामांच्या घरून दोन पराती आणल्या होत्या, एक मोठी आणि एक धाकटी. सरांनी पोस्टकार्डाला गोल भोक पाडून बरणीतली प्रत्येक गोटी त्यातून घालून पाहायला लावली, कारण एखादीही मोठी राहिली तर सारा भार तिच्यावर येतो. सारख्या निघालेल्या तीनशेहून अधिक गोट्या मोठ्या परातीत एका थरात बसवल्या, वर धाकटी परात ठेवली आणि वर्गात सर्वांत किरकोळ असलेल्या मला सरांनी, ‘बस भाऊ, पडणार नाहीस,’ असे म्हणून तिच्यात बसवले. परात हलेना. चार मुलांनी जोर लावला तरी ती कुरकुरत थोडीशी सरके. मग सरांनी मला उतरवले, दोन ओंजळी गोट्या काढून घेतल्या, मला पुन्हा बसवले आणि एका बोटाने ढकलले. मी भिंतीवरचे नकाशे, खिडकी, फळा आणि मुलांचे चेहरे गरगर फिरताना पाहिले. गच्च बसलेल्या गोट्या एकमेकींना उलट्या दिशेने घासतात, त्यांना जागा दिली की त्या फिरतात, एवढेच सरांनी सांगितले.

आज मी पुण्याजवळच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात गेली तीस वर्षे काम करीत असून, तपासणी विभाग माझ्याकडे आहे. तिथे पोलादी गोळ्यांच्या गोलपणातली चूक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, अंशांत मोजतात. बेअरिंगमध्ये गोळ्या एकमेकींना लागू नयेत म्हणून पत्र्याचा पिंजरा असतो. तो प्रथम हातात घेतला, तेव्हा त्याचे काम मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पहिल्या पगारात मी एक बेअरिंग सरांना टपालाने पाठवले. ‘पिंजऱ्यात गोळ्या किती? आणखी एक का बसवली नाही?’ एवढेच विचारणारे त्यांचे कार्ड आले. मी आठ असे लिहून, कारणासह दोन पानी उत्तर पाठवले. ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. सर आज हयात नाहीत.

गेल्या दिवाळीत शाळेत आलो, तेव्हा निंबाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले पाहिले. पावसाळ्यात चिखल होत नाही, हे खरे आहे. पण तिथे आता टाचेने गल करता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. निंबाखालचे दहा बाय दहा फुटांचे ब्लॉक काढून तेवढी माती मोकळी ठेवावी, अशी माझी संचालक मंडळाला नम्र विनंती आहे, आणि त्याचा खर्च मी देईन. समारंभाला येताना 500 गोट्यांची बरणी घेऊन येत आहे. मामांच्या घरी ती मोठी परात अजून असेल तर कार्यानुभवाच्या खोलीत आणून ठेवावी. धाकटी मी घरून आणतो.