कारळ्याची फुलं

गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५
अदिस अबाबा

आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथं खायला मिळतंय का गं नीट?" कामानिमित्त इथं येऊन तीन आठवडे झाले. रोज सांगते, तरी तिला पटत नाही.

आमच्या घरात इथिओपिया आला तो १९८४-८५मध्ये, वर्तमानपत्रातल्या फोटोंतून. बरगड्या वर आलेलं पोर, त्याला छातीशी धरून बसलेली आई, मागे उजाड माळ. वर्गातल्या एका हडकुळ्या मुलीला आम्ही 'इथिओपिया' म्हणायचो. मीसुद्धा म्हणायचे. आज ते फार लागतं.

फोटो खोटे नव्हते. ऑक्टोबर १९८४मध्ये केनियाच्या मोहम्मद अमीन यांनी कोरेमच्या छावणीत टिपलेली दृश्यं बीबीसीवर दिसली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. कितीतरी जीव त्यामुळे वाचले. पण त्यात न पडलेला पाऊस दिसला, लढाई दिसली नाही. तिग्राय आणि वोल्लोत लष्करी राजवट बंडखोरांशी लढत होती, आणि त्याच सप्टेंबरात राजधानीत क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाचा थाटमाट झाला होता. भुकेलेले चेहरे आमच्या लक्षात राहिले. राज्य कुणाचं होतं, हे आम्ही कधी विचारलंही नाही.

आमच्यापुरता हा देश तिथंच थांबला. मीही तोच घेऊन आले असणार. परवा मोबाइलमधले पहिल्या आठवड्याचे फोटो चाळले : पत्र्याच्या झोपड्या, अनवाणी मुलं, ओझ्याखाली वाकलेली गाढवं. सगळे गाडीच्या काचेतून काढलेले. महाबळेश्वरापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच असलेलं हे हिरवंगार शहर त्यात कुठंच नव्हतं.

आज इथला वर्षाचा पहिला दिवस, एन्कुतताश. त्यांच्या पंचांगात २०१८ लागलं. शेजारच्या बाईंनी घरी बोलावलं. जमिनीवर ओलं गवत पसरलेलं. कॉफीच्या हिरव्या बिया त्यांनी समोरच भाजल्या, धुराचा तवा एकेकाच्या नाकापुढून फिरवला, मग कुटून जबेनात, म्हणजे लांब मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात, उकळल्या. कॉफी तीनदा ओततात. तिसरा कप 'बरका', तो घेतल्याशिवाय उठायचं नाही. सोबत इंजेरा : जाळीदार, आंबूस, थेट आपली आंबोळी. पीठ मात्र टेफचं, दाणा राजगिऱ्याहून बारीक.

खाताना आईच डोळ्यांपुढे होती. १९७२च्या दुष्काळात तिनं बीडकडे खडी फोडलीय, सुकडीवर दिवस काढलेत. त्या वर्षीचा तिचा फोटो कुणी जगभर छापला असता आणि पन्नास वर्षं तेवढाच दाखवत राहिलं असतं, तर? मला तर ते सहन झालं नसतं.

दुपारी दारोदार गाणी म्हणत मुली आल्या, हातात पिवळ्या फुलांचे झुबके. त्यांना विचारून एक फोटो काढला आणि आईला पाठवला. लगेच फोन.

"अगं, ही तर कारळ्याची फुलं!"

ही फुलं वेगळी, 'अदेय अबेबा'. पण तिची नजर फार चुकली नव्हती, दोन्ही एकाच कुळातली. आणि कारळं मूळचं इथल्याच डोंगरपठारांवरचं. इथं त्याला 'नूग' म्हणतात, त्याचं तेल काढतात. हे सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली.

मग म्हणाली, "आणि चटणी? चटणी करतात का गं तिथं?"