आईला वाटलं मी वकील बोलावला

मागच्या वर्षी आई माझ्या बाळंतपणाला इकडे न्यू जर्सीला आली होती. यायची होती तीन महिन्यांसाठी, पण नातीला सोडून तिचाच पाय निघेना म्हणून आम्ही तिकीट पुढे ढकलून मुक्काम पाच महिन्यांवर नेला. चौथा महिना संपत आला होता, सकाळी चहा ठेवताना तिला एकदम गरगरलं, डोकं फुटेल असं दुखायला लागलं, घरच्या मशीनवर वरचं बीपी २१०. ॲम्ब्युलन्स बोलावली आणि थेट इमर्जन्सी. इन्शुरन्सचं बघू, नंतर बघू, कारण इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला पैसे असोत नसोत तपासून स्थिर करावंच लागतं, १९८६ पासून इथे तसा कायदा आहे.

पहिला दीड दिवस मीच दुभाषी. डॉक्टर विचारणार, मी आईला सांगणार, आई म्हणणार "बरं आहे गं", मी इंग्लिशमधून तेच सांगणार. गोळ्या वेळेवर घेते का? "घेते की." मग घरच्या गोळ्यांनी बीपी आटोक्यात येत नाहीये असं समजून डॉक्टर आणखी एक जास्त पॉवरची गोळी सुरू करायच्या विचारात. माझ्या काही डोक्यात शिरत नव्हतं, कडेवर तान्हं बाळ, दोन रात्री झोप नाही. शेवटी एका नर्सने माझ्याकडे बघून विचारलं, पेशंट ॲडव्होकेटला बोलावू का?

ॲडव्होकेट हा शब्द आईच्या कानावर पडला आणि ती घाबरलीच. "अगं वकील कशाला? काय केलं मी?"

तर ही वकील नव्हे. पेशंटच्या बाजूने प्रश्न विचारणं, त्याला कळेल असं समजावून घेणं, तक्रार असेल तर योग्य माणसापर्यंत नेणं, हे तिचं पूर्णवेळ काम. आमच्याकडे आलेल्या बाई पन्नाशीच्या असतील. खुर्ची ओढून आईच्या उंचीला बसल्या आणि पहिल्यांदा मला म्हणाल्या, तू मुलगी आहेस, तू भाषांतर करू नकोस. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला पेशंटच्या भाषेतला दुभाषी फुकट द्यावा लागतो हे मला तेव्हा कळलं. फोनवर मराठी बोलणारी मुलगी मिळाली दहा मिनिटांत! आईने तिला लगेच विचारलं, "बाळा, तू कुठली गं?" आणि नियमाप्रमाणे जे बोललं जाईल ते सगळं भाषांतर करायचं असतं, म्हणून तिने ते आधी इंग्लिशमध्ये सांगितलं.

मग त्या बाईंनी आईला विचारलं, मुलगी बाहेर थांबली तर चालेल का. आई हो म्हणाली. मी बाळाला घेऊन कॉरिडॉरमध्ये.

वीस मिनिटांनी आत बोलावलं. आईची परवानगी घेऊनच मला सांगितलं. आईने गोळ्या आणल्या होत्या तीन महिन्यांच्या, मुक्काम वाढल्यावर पुरवून पुरवून अर्धी अर्धी घेत होती, कारण इथली औषधं महाग असतात हे तिने कुठेतरी ऐकलेलं आणि जावयाला खर्चात पाडायचं नव्हतं. माझ्यासमोर हे ती कधीच बोलली नसती. मी दीड दिवस तिचं "घेते की" जसंच्या तसं पुढे देत होते... अजूनही आठवलं की पोटात तुटतं. डॉक्टरांनी नवी गोळी रद्द केली, जुनीच पूर्ण डोसमध्ये सुरू केली, तिसऱ्या दिवशी घरी.

बिलांच्या वेळीही त्यांनीच वाट दाखवली. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, प्रत्येक गोष्टीचा तपशील असलेलं बिल मागून घ्यायचं. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. आईबाबांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा, कारण जुन्या आजाराला तो बऱ्याचदा हात वर करतो.

एक खरं, या बाईंचा पगार हॉस्पिटलच देतं. भांडण हॉस्पिटलशीच असेल तर त्या किती ताणतील हा प्रश्न आहेच, म्हणून इथे तासावर फी घेणारे स्वतंत्र ॲडव्होकेटही असतात, पण ती फी सहसा आपल्याच खिशातून.

आणि आपल्याकडे हे नाहीच असं समजू नका. मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये १९४६ सालीच मेडिकल सोशल वर्कर, म्हणजे पेशंटला अशीच मदत करणारे, नेमले होते. आजही धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. चौकशी करायची ती तिथल्या सोशल वर्करकडे, पण आपण सगळे थेट कॅश काउंटरला जाऊन उभे राहतो. माझ्या भावाला मी आता पहिल्यांदा सोशल वर्करची खोली शोधायला सांगते.

आई मे महिन्यात परत येतेय. या वेळी तिकीट अडीच महिन्यांचंच काढलंय, गोळ्या तीन महिन्यांच्या, सोबत साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी. परवा फोनवर तिनेच विचारलं, "ती वकीलबाई अजून तिथंच आहे का गं? तिच्यासाठी लाडू आणते."