सरड्याची धाव पऱ्यापलीकडे

गणपतीला भाचा आला की आमच्या गुहागरच्या घरी मोदक आणि मोबाईलचा डेटा दोन्ही झपाझप संपतात. यंदा त्याने व्हिडिओ दाखवला, हिरवागार सरडा, डोक्यावर तुरा, मागच्या दोन पायांवर पाण्यावरून सुसाट पळतोय. "मामा, आपल्या गडग्यावरचा पळेल का रे असा पऱ्यावरून?" म्हटलं आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंतच.

पण मग रात्री मीच वाचत बसलो. हा बॅसिलिस्क, मेक्सिकोपासून इक्वेडोरपर्यंतच्या जंगलांतला. मागच्या बोटांना कातडीची झालर असते, पाय पाण्यावर आपटला की ती पसरते, पाण्यात खड्डा पडतो आणि तो खड्डा बुजायच्या आत पाय वर काढायचा, बस एवढंच. सेकंदाला साधारण दीड मीटर. माणसाला जमवायचं तर ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळावं लागेल म्हणे. पिल्लं हलकी म्हणून लांब जातात, मोठा नर थोडं पळून बुडतो आणि मग गपचूप पोहायला लागतो.

भाच्याचा पुढचा प्रश्न, त्याचे मित्र कोण? कोणीच नाही रे बाबा! साप, शिकारी पक्षी, मोठे मासे सगळे टपलेले, म्हणून पाण्यावर वाकलेल्या फांदीवर झोपायचं आणि जरा काही हललं की धप्पकन खाली. स्वतः मात्र किडे, फुलं, फळं, छोटे मासे काही सोडत नाही. माद्या चालतात पण दुसरा नर आला की तुरा दाखवून, डोकं हलवून हाकलणार. मादी मातीत अंडी घालून निघून जाते, पिल्लांनी आपलं आपण बघायचं. काचेच्या पेटीत पाळला तर बिथरून धावतो आणि काचेवर नाक फोडून घेतो. लोक चमत्कार म्हणतात, मला तर हा निव्वळ भित्रेपणा वाटला, पण काय झकास भित्रेपणा!

आपला गडग्यावरचा तरी काय, पावसाळ्यात डोकं लाल करून दंड काढत बसतो, दुसऱ्या नरापुढे पैलवान आणि भारद्वाज दिसला की दगडाच्या फटीत.

सकाळी भाच्याला घेऊन तळ्यावर गेलो. काठावर पाय ठेवला तसे चार-पाच बेडूक पाण्यावरूनच टणाटण उड्या मारत सुटले, न बुडता, दगडाच्या भाकऱ्या मारतो ना तसे. हे आपले नेहमीचेच तळ्यातले बेडूक. भाचा ओरडला, "मामा शूट कर ना!" मोबाईल खिशातून काढेपर्यंत सगळे बुडी मारून गायब.