जाड्याभरड्या विजारीची जिग

‘बायकोला पुरलं आणि तिच्यावर नाचलो’ हे एका जिगचं, म्हणजे आयरिश नाचाच्या चालीचं, नाव आहे. हीच जिग दुसऱ्या कुणाच्या तोंडी ‘द फ्रीझ ब्रिचेस’ असते, म्हणजे जाड्याभरड्या लोकरी कापडाची विजार. आणखी कुठे ती विजार एका भिक्षेकरी साधूची होते आणि नाव पडतं ‘द फ्रायर्स ब्रिचेस’. पार पश्चिमेला, कॉनमारात, याच चालीवर ‘कूनला’ नावाचं आयरिश भाषेतलं गाणं म्हणतात. मी डब्लिनच्या एका पबमध्ये सेशनला, म्हणजे जमून मिळून वाजवायच्या बैठकीला, व्हायोलिन घेऊन बसायला लागले तेव्हा ही जिग शिकले. वाजवून झाल्यावर लोक ‘छान’ म्हणत नसत, ‘कुणाकडून घेतलीस?’ असं विचारत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. यूट्यूबवरून, असं सांगायला जीभ रेटेना. म्हणून तिचा माग काढायला जुलैत सुट्टी काढली.

ज्यांनी जिग ऐकलीच नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. जिगचा ठेका तीन-तीनच्या दोन गटांचा, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा, पण धावत्या. चालीचे आठ-आठ मापांचे भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. बहुतेक जिग दोन भागांत संपतात. ही मात्र पाच भागांची आहे, काहींकडे सहा, आणि काही जुन्या माणसांकडे नुसती दोन किंवा तीन. पांढरी दोनचा सा धरला की सूर खमाजाचे लागतात: कोमल निषाद ठळक आणि मधेच एखाद्या जागी शुद्ध निषाद डोकावून जातो. तो नेमका कुठे डोकावतो यावरून वाजवणाऱ्याचं गाव ओळखता येतं, असं मला एका पायपरने, म्हणजे इलन पाइप्स हे भात्याने हवा भरायचं आयरिश वाद्य वाजवणाऱ्याने, सांगितलं होतं. मिरजेत व्हायोलिन शिकलेल्या मुलीला एवढं आमिष पुरे होतं.

सुरुवात घराजवळूनच केली. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये ७३ नंबरच्या जुन्या घरात आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे. १९८७ साली सुरू झालं. तिथे बसून ऐकायला, चाळायला पैसे पडत नाहीत आणि तिथल्या लोकांइतकी अगत्याने मदत करणारी माणसं मी कुठल्याही ग्रंथालयात पाहिली नाहीत. एक जिग म्हटलं तर टेबलावर पुस्तकांचा ढीग आला. त्यात फ्रान्सिस ओ’नील होतेच. कॉर्क परगण्यातल्या बँट्रीजवळचा हा मुलगा घर सोडून समुद्रावर गेला, अमेरिकेत पोचला आणि १९०१ ते १९०५ शिकागोच्या पोलीस दलाचा प्रमुख होता. गावोगावचे आयरिश लोक पोट भरायला शिकागोत आलेले, प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या गावच्या चाली. ओ’नीलनी त्या गोळा केल्या. त्यांना स्वरलेखन नीट जमत नव्हतं, म्हणून जेम्स ओ’नील नावाच्या दुसऱ्या पोलिसाने ऐकून त्या उतरवल्या. १९०३ च्या पुस्तकात १८५० चाली, १९०७ च्या पुस्तकात १००१. आजही सेशनमध्ये वाद झाला की कुणीतरी ‘पुस्तकात असं आहे’ म्हणतं, तेव्हा पुस्तक म्हणजे हेच. ‘फ्रीझ ब्रिचेस’ त्यात आहे, ऐटदार, सगळे भाग ओळीने मांडलेले.

मग ब्रेंडन ब्रॅनख यांच्या चालींच्या संग्रहाचे खंड आले. पहिला १९६३ चा. मला भावलं ते मागच्या पानांवरच्या टिपांमध्ये होतं: कोणती चाल कुणाकडून मिळाली, ती आणखी कोणत्या नावांनी फिरते. छापलेल्या स्वरांपेक्षा मी त्या टिपाच जास्त वेळ वाचत बसले.

तिथून पश्चिम किनाऱ्यावरचा क्लेअर परगणा. ट्रेनने एनिस, पुढे बस, आणि अटलांटिकच्या वाऱ्यात मिलटाउन मॅलबे. एरवी हे एका लांबलचक रस्त्याचं शांत गाव. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मात्र इथे विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. विली क्लॅन्सी इथलेच, धंद्याने सुतार आणि इलन पाइप्सचे थोर वादक. १९७३ च्या जानेवारीत ते वारले तेव्हा वय अवघं ५४. त्याच उन्हाळ्यात मित्रांनी त्यांच्या नावाने ही शाळा सुरू केली, ती आजही चालू आहे. सकाळी शाळांच्या वर्गांतून, लोकांच्या घरांतून पाइप्स, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), फ्लूट, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) यांचे वर्ग. दुपारपासून रात्री उशिरापर्यंत प्रत्येक पबच्या प्रत्येक कोपऱ्यात सेशन.

राहण्याबद्दल तक्रार केल्याशिवाय राहवत नाही. त्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही, आणि मिळाली तर भाव ऐकून घाम फुटतो. मला मिळालेल्या खोलीचा गालिचा ओला होता, खिडकीला कडी नव्हती आणि मालकाने पैसे मात्र रोख आणि आगाऊ घेतले. संगीताच्या नावाने आलेल्या माणसांना असं नागवणं मला पटत नाही. गावातल्याच एका आजोबांनी माझी कहाणी ऐकून स्वतःच्या घरचा विजेचा हीटर उचलून आणून दिला, हेही लिहिलं पाहिजे.

त्या आठवड्यातली एक संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. पबचा मागचा छोटा खण, टेबलाभोवती सातआठ वादक, त्यांच्याभोवती दोन-तीन रांगा उभ्या आणि त्या रांगांच्या हातात फोन. कोपऱ्यात सत्तरीपलीकडचे एक फ्लूटवादक. लाकडी फ्लूट, चांदीची कडी काळवंडलेली. त्यांनी ही जिग सुरू केली. पहिले दोन भाग सगळे बरोबर गेले. तिसऱ्यापाशी आजोबा वेगळीकडे वळले: बाकीच्यांच्या हिशेबात जो चौथा, तो त्यांनी आधी घेतला. क्षणभर दोन भाग एकमेकांवर आदळले. जाणत्या लोकांनी लगेच हात थांबवले आणि ते एकटेच वाजवत राहिले. मला हीच रीत फार आवडते. चाल ज्याने काढली त्याची, त्याला वाट करून द्यायची.

जिग संपली आणि समोरच्या एका तरुणाने फोनवर स्वरलिपी उघडून ती आजोबांपुढे धरली. ‘तुमचा तिसरा भाग चौथ्या जागी हवा,’ म्हणाला. चांगला वादक होता, बोटं स्वच्छ होती. पण मला इतका राग आला की कान गरम झाले. ज्या परगण्यात ही चाल माणसाकडून माणसाकडे आली, तिथे बसून, पन्नासेक वर्षं फुंकणाऱ्याला पडद्यावरचा क्रम दाखवायचा! आजोबांनी चश्मा लावला, फोन हातात घेतला, नीट पाहिला, परत दिला. ‘मला वाचता येत नाही रे बाळा,’ एवढंच म्हणाले. मग तरुणालाच म्हणाले, ‘तुझी वाजव बघू.’ त्याने वाजवली. आजोबा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रस्त्यात गाठलं. विली क्लॅन्सींचा ब्राँझचा पुतळा आहे त्याच रस्त्यावर, एका बाकावर बसून त्यांनी मला ती जिग हळूहळू, भाग तोडून तोडून ऐकवली. जवळून पाहिल्यावर लक्षात आलं की त्यांच्या क्रमाला कारण आहे. त्यांचा तिसरा भाग वरच्या सप्तकात चढतो आणि तिथेच त्यांना श्वास घ्यायला जागा मिळते. ते एक सूर चक्क गाळतात आणि त्या रिकाम्या जागेत छाती भरून घेतात. फिडलवाल्याला ही गरज नाही, तो तो सूर वाजवतो. पायपरला तर मुळीच नाही, कारण त्याच्या कोपराखालच्या भात्यातून हवा सतत येत असते. म्हणजे वाद्य बदललं की चालीला नवी खाच पडते, आणि त्या फ्लूटवाल्याकडून कुणी फिडलवर शिकलं तर ती खाच श्वासाची गरज नसतानाही तशीच राहते. मला हे कुठल्याच पुस्तकातून कळलं नसतं. ‘तुम्ही कुणाकडून घेतलीत?’ मी विचारलं. ‘आईकडून. ती कॉन्सर्टिना वाजवायची.’ कॉन्सर्टिनाला श्वास लागत नाही. म्हणजे ती मोकळी जागा त्यांची स्वतःची. 

या भागात अशी साखळी धरून मागे जाण्याची सवयच आहे. विली क्लॅन्सींच्या चालींबद्दल बोलताना लोक त्यांच्या वडिलांचं, गिल्बर्टचं नाव घेतात आणि गिल्बर्टबद्दल बोलताना गॅरेट बॅरीचं. हा इनाघचा आंधळा पायपर दुष्काळाच्या वर्षांत, १८४७ साली जन्मला आणि १८९९ ला गेला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. तरी ‘गॅरेट बॅरीची जिग’ त्या आठवड्यात मी रोज ऐकली.

क्लेअरमधले उरलेले दिवस पाऊस आणि वर्गांत गेले.

मग ‘कूनला’साठी कॉनमारा. गॉलवेमार्गे तिथल्या कार्नाला जाणाऱ्या बस मोजक्याच. चुकली तर दिवस गेला. गॉलवे सोडल्यावर तासाभरात पाट्यांवरचं इंग्रजी नाहीसं होतं, ग्रॅनाइटचे दगड, दगडी गडगे, काळी दलदल आणि जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या, हाताच्या बोटांसारख्या खाड्या दिसायला लागतात. शॉन-नोस म्हणजे जुन्या रीतीचं साथीविना गायन, आणि त्याचा थोर गायक जो हीनी याच कार्नाचा. इथून जवळच्या ग्लिनस्कमध्ये १९४० च्या दशकात शेमस एनिस सायकलवर आले होते. लोकसाहित्य आयोगाने त्यांना गाणी गोळा करायला पाठवलं होतं आणि कोलम ओ कीन या एकाच माणसाकडून त्यांनी दोनशेहून अधिक गाणी लिहून घेतली. एनिस स्वतः पाइप्सचे उत्तम वादक. त्या खाडीकडे पाहताना माझ्या मनात तेच होतं: गाणारा आणि वाजवणारा एका चुलीपाशी बसले की चाल कुठून कुठे जात असेल?

‘कूनला’ मला माहीत होतं ते प्लँक्स्टी या आयरिश लोकसंगीताच्या गटाच्या १९७३ च्या ‘द वेल बिलो द व्हॅली’ या रेकॉर्डमुळे. तिथे ते घोडदौडीसारखं जातं. कार्नाला मी ज्या घरात उतरले होते तिथल्या आजींना मी सकाळच्या चहाला हे सांगितलं तर त्या हसल्या. सोडा घालून भाजलेल्या करड्या पावावर लोणी फासता फासता म्हणाल्या, ‘फार घाई करतात गं ते.’ आणि सुरी खाली न ठेवताच गायला लागल्या.

गाणं चावट आहे. खाली गडगे पाडत कोण येतंय? मीच, म्हणतो कूनला. कूनला, राजा, आणखी जवळ येऊ नकोस. पण प्रत्येक कडव्यात तो थोडा जवळ येतोच: दारापाशी, विस्तवापाशी, अंथरुणापाशी. आजींचा आवाज बारीक आणि कोरडा होता, आणि गाताना त्या माझ्याकडे नाही, पावाकडे बघत होत्या. पहिल्या दोन ओळींत मी माझी जिग ओळखली. मग निषाद आला. तो कोमल नव्हता आणि शुद्धही नव्हता. दोघांच्या मधे, पेटीच्या कुठल्याच पट्टीवर सापडणार नाही अशा जागी होता. माझ्या अंगावर काटा आला. क्लेअरचे पायपर ज्या सुरावर बोट अर्धवट उचलून थरथर आणतात, तो हाच. मी तोवर त्याला वाद्याची लकब समजत होते, आणि इथे तो गळ्यातून सरळ येत होता.

मी म्हटलं, ‘आजी, दुसरी ओळ मघाशी म्हटलीत तशी परत म्हणाल का?’ त्यांनी म्हटली. ती आधीसारखी नव्हती. पुन्हा विनवलं तर तिसरीच निघाली. त्यांना यात काही वेगळं झाल्याचं जाणवतही नव्हतं. ‘तेच तर म्हणतेय,’ त्या म्हणाल्या. ‘मावशीकडून शिकलेली, मी कशाला बदलू?’

ओ’नीलची ओळ, फोनवरची ओळ, फ्लूटवाल्या आजोबांची ओळ आणि एकाच सकाळी, एकाच गळ्यातून आलेल्या या तीन. मी व्हायोलिन काढलं. आजींनी टेबल पुसून जागा करून दिली. त्या गात होत्या आणि मी मागून हळूच धरत होते, जसं मिरजेला गुरुजींच्या मागे धरायचे. तो मधला निषाद माझ्या बोटाला सापडायला दुपार झाली. रेकॉर्ड करू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं आणि मी फोन पिशवीत टाकला. मग सरगममध्ये वहीत उतरवून घेतलं, निषादावर माझी मीच एक तिरपी रेघ काढून. त्यांनी वहीत डोकावून विचारलं की हे कोणत्या भाषेतलं. मी सा रे ग म म्हणून दाखवलं. त्यांना ‘ग’ फार आवडला, का ते त्यांनी सांगितलं नाही.

खोलीचे पैसे देताना न्याहारीचे त्यांनी धरलेच नाहीत. मी हट्ट केला तर म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी बासरीवाला कुणी असेल तर घेऊन ये, फिडल फार झाले.’

डब्लिनला परतल्यावर पुन्हा मेरियन स्क्वेअर गाठलं आणि तिरप्या रेघेची वही पुढे ठेवून जुन्या पायपरांची मुद्रणं ऐकली. आता कान तयार होता. जिथे मी आधी ‘जरा बेसूर’ म्हणून पुढे जायचे, तिथे तो निषाद स्वच्छ ऐकू येत होता, विशेषतः उतरताना. ट्रिनिटी कॉलेजात जेम्स गुडमन या धर्मगुरूंची एकोणिसाव्या शतकातली हस्तलिखितं आहेत, दक्षिणेच्या मन्स्टर प्रांतातल्या पायपरांकडून ऐकून लिहिलेल्या चालींची. या जिगचा माग तिथे घ्यायचा आहे. ऑक्टोबरात ओ’नीलच्या गावाला, ट्रालिबेनला जायचं आहे. सेशनला सध्या पहिले दोन भाग आजींचे, पुढचे आजोबांच्या क्रमाने आणि श्वासाच्या रिकाम्या जागेसकट वाजवते. कुणी विचारलं तर दोघांचीही नावं सांगते.